मागच्या टायरच्या कडा

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी स्पोर्ट्स बाईक घेतली. का घेतली, असं विचारणारे पुष्कळ भेटले. आमच्या सांगवीत तर पारावरच्या एकानं तोंडावरच विचारलं, "जावयाची गाडी आत्ताच घेऊन ठिवली व्हय?" माझी मुलगी तेव्हा अकरावीला, पुण्यात वसतिगृहात. मी म्हटलं, "व्हय, तवर मी चालवून बघतोय." असल्या लोकांना खरं उत्तर देऊन उपयोग नसतो. खरं उत्तर एवढंच होतं की वीस वर्षांपूर्वी घ्यावीशी वाटली होती आणि तेव्हा घेतली नाही.

मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मशीनवरून उतरलेला लोखंडी भाग मापात आहे की नाही, एवढंच बघायचं. मापात असला तर पुढं, नसला तर लाल शिक्का. बावीस वर्षं हेच करतोय. त्यामुळं डोळ्याला एक खोड लागली आहे, आणि ती गेटवर ठेवून घरी येता येत नाही. भाकरी एका बाजूला जाड झाली की मला दिसते. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तर मी ताटावरून उठून ते सरळ करतो. बायको म्हणते, "एक दिस मलाबी लाल शिक्का माराल तुमी." ती हसत म्हणते, त्यामुळं मी ते कधी मनावर घेतलं नाही.

बारामतीच्या शोरूममध्ये गाडी ताब्यात घ्यायला गेलो, तर बायकोनं ओवाळायचं ताट सोबत घेतलं होतं. हळदकुंकू, निरांजन, पेढे, सगळं. शोरूमवाल्या पोरांनी पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली आणली, फोटो काढायला माणूस उभा राहिला. आणि मी गाडीमागं उकिडवा बसलो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो टायर कधी तयार झाला, ते त्यावरून कळतं. पुढचा टायर दोन महिन्यांपूर्वीचा होता आणि मागचा चौदा महिन्यांपूर्वीचा.

"काका, टायर नवाच आहे," विक्रीवाला पोरगा म्हणाला. "एक किलोमीटरसुद्धा चाललेला नाही."

"चालला नाही, पण बसून आहे," मी म्हटलं. "बसून बसून माणूस आखडतो, रबर नाही आखडत?"

शेवटी त्यांनी गोडाऊनमधून दुसरा टायर आणून बसवला. अडीच तास गेले. फोटोवाला जेवून आला. बायको प्लास्टिकच्या खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन बसून होती. निरांजनातलं तूप थिजलं. तिनं एका शब्दानं काही म्हटलं नाही. मला वाटलं, तिला माझं म्हणणं पटलेलं आहे.

निघताना तिथल्या मिस्त्रीनं कामाची गोष्ट सांगितली. नव्या टायरवर मेणचट थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी वळणावर वाकवायची नाही, रबर रस्त्याला घासून थोडं खरखरीत होऊ द्यायचं. हे मी इतकं पाळलं की दोन-तीनशेचे बाराशे झाले तरी मी गाडी उभीच्या उभी वळवत होतो. कारखान्यातल्या पोरांनी ते ओळखलं. जेवणाच्या सुट्टीत दोघं-तिघं गाडीभोवती जमली आणि त्यातला एक मागच्या टायरकडं बोट दाखवून म्हणाला, "साहेब, मधला पट्टा घासलाय आणि दोन्ही कडा कोऱ्या. गाडी स्पोर्टची, चालवणारा एसटीचा."

मीही हसलो. पण लागलं. त्यानंतर रोज घरी आलो की मी टायर बघायचो. आमच्या कालव्याच्या रस्त्याला वेड्या बाभळीचे काटे, उसाच्या तोडीत पडलेली खोडकं. ते काही रुतलंय का, ते बघतो असं सांगायचो. नक्षीतले खडे बायकोच्या केसांच्या आकड्यानं काढायचो. खरं म्हणजे मी कडा बघत असायचो. कोऱ्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस त्यांच्यावर तसेच उभे होते.

आता आबांविषयी. आबा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याहत्तर, साडेतीन एकर ऊस, आणि गेल्या वर्षापर्यंत ट्रॅक्टर स्वतः चालवायचे. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एकदा ट्रॉली मागं घेताना त्यांनी शेजाऱ्याच्या विहिरीचा कठडा पाडला. माणूस नव्हतं तिथं, नशीब. शेजारी काही बोलला नाही, उलट "आबा, व्हतं असं" म्हणाला. बोललो मी. चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मी ट्रॅक्टरवर चढून किल्ली काढून खिशात घातली आणि म्हटलं, "बास झालं, आबा. उद्या माणूस मारशीला."

त्यांनी वाद घातला नाही. "बरं," म्हणाले आणि चालत घरी गेले. ट्रॅक्टरला मग रोजंदारीचा ड्रायव्हर लावला. माझं काही चुकलं, असं मला तेव्हा वाटलं नाही. मापात नव्हतं, मी बाजूला काढलं.

नवी गाडी दारात आली तेव्हा आबा तिच्याभोवती फिरले. अंगठ्यानं टायर दाबून बघितला. "ह्याला नक्षीच न्हाय म्हणायची," ते म्हणाले. "चिखलात कशी चालंल?"

"ही चिखलात चालवायची नसतीया, आबा."

"मग आपल्याकडं कुठं चालवतूस?"

तरी पुढं मी बघायचो, मी कामावरून आलो की आबा गाडीजवळ येऊन उभे राहायचे. हात लावायचे नाहीत. एकदा मी आत जाऊन परत आलो, तर ते धोतराच्या सोग्यानं आरसा पुसत होते. मला बघून त्यांनी सोगा सोडला आणि गोठ्याकडं गेले.

किल्ली गेली तरी एक काम त्यांच्याकडंच राहिलं होतं. खंडेनवमीची पूजा. घरातली औतं, कोयते, पंप, ट्रॅक्टर, सगळं त्या दिवशी आबा धुणार, पुसणार, गंध लावणार, हार घालणार. त्या दिवशी कुठलंच अवजार हलवायचं नाही, हा त्यांचा कडक नेम. त्यामुळं खंडेनवमीला मी गाडी घरी ठेवली आणि कंपनीच्या बसनं गेलो. कारखान्यातही मशिनींची पूजा होती. दुपारी परत आलो तर अंगणात गाडी उभी, झेंडूचा भरगच्च हार, टाकीवर स्वस्तिक, आणि दोन्ही टायर काळे कुळकुळीत. इतके काळे की शोरूममध्येही नव्हते.

"काय म्हणतीया?" आबांनी विचारलं.

"झ्याक," मी म्हटलं. मी हार बघत होतो. हाराचा दोरा हॅंडलमध्ये अडकतोय का, ते बघत होतो.

बावीस वर्षांची नजर म्हणतात ती ही. टायर इतका काळा कसा झाला, हा प्रश्न मला पडला नाही. आमच्याकडं ट्रॅक्टरच्या चाकांना खंडेनवमीला जळकं ऑइल आणि थोडं डिझेल फडक्यानं चोळतात. चाक चकाकतं, देव प्रसन्न होतो, आणि दुसऱ्या दिवशी नांगरट सुरू झाली की मातीत सगळं निघून जातं. ट्रॅक्टरला त्यानं काही होत नाही. वर्षानुवर्षं चाललंय. आबांनी माझ्या गाडीलाही तेच केलं होतं. बाजूला तर लावलंच, पण रस्त्याला टेकतो त्या भागालाही, एक इंच न सोडता. सकाळभर बसून, मन लावून केलेलं काम होतं ते.

दसऱ्याला आम्ही पळसदेवला निघालो. तिथं बायकोचं माहेर. दर दसऱ्याला सोनं द्यायला जायचं ठरलेलं, फक्त दरवर्षी एसटीनं किंवा कुणाच्या तरी जीपमधून. या वेळी ती माझ्यामागं बसली. त्या गाडीची मागची सीट म्हणजे पोळपाटाएवढी, आणि उंचावर. नवी साडी सांभाळत ती चढली तेव्हा शेजारच्या बायका दारात आल्या. "पडशीला गं," एक म्हणाली. "धरून बसा, आता वय व्हय लाजायचं?" दुसरी म्हणाली. बायको लाल झाली, पण खूश होती. मला मागं न बघताही कळत होतं.

कालव्याच्या रस्त्याला गाडी दोनदा मागून हलली. किंचित. मी मान न वळवता म्हटलं, "मागं हलू नकोस. नीट बस."

"मी कुठं हलतीया?"

"मग कोण हलतंय?"

पुढं रस्ता चांगला लागला, हलणं थांबलं, आणि मी म्हटलं, "बघ, आता नीट बसलीस." बारामती, भिगवण, मग सोलापूर रोड. पन्नासेक किलोमीटर सरळ रस्ता. त्या पन्नास किलोमीटरमध्ये टायरच्या मधल्या पट्ट्यावरचं तेल घासून गेलं होतं. कडांवरचं कुठं जाणार? कडा मी कधी वापरल्याच नव्हत्या.

पळसदेवला हमरस्ता सोडून आत वळायचं असतं. वळणावर माझे दोन्ही मेहुणे आणि त्यांची चार-दोन मित्रमंडळी आमची वाट बघत उभी होती. गाडीची बातमी आधीच पोचलेली. मला ती दिसली आणि कारखान्यातला तो एसटीचा टोमणा आठवला. मी गाडी वाकवली. फार नाही. कुणी सांगेल की त्याला वाकवणं म्हणतच नाहीत. पण तीन महिन्यांत पहिल्यांदा मी ती वाकवली, आणि मागचं चाक माझ्याखालून कुणीतरी ओढून घ्यावं तसं निघून गेलं.

वेग वीस-पंचवीसचा असेल. मला गुडघ्याला खरचटलं. बायको हातावर पडली. ती ओरडली नाही. रस्त्याच्या कडेला बसून उजवं मनगट डाव्या हातात धरून त्याच्याकडं बघत राहिली. मनगटाचा आकार बदललेला होता. आपट्याची पानं पिशवीतून रस्त्यावर सांडली होती आणि कुणीतरी त्यातही ती गोळा करत होतं, सोनं पायाखाली येऊ नये म्हणून.

धाकट्या मेहुण्यानं तिला चारचाकीत घालून भिगवणला दवाखान्यात नेलं. थोरला आणि मी गाडी उचलली. उचलताना माझा हात टायरच्या कडेला लागला. बोटं काळी झाली. वास घेतला आणि मला सगळं कळलं, म्हणजे अगदी फडक्यासकट दिसलं.

"काय झालं, दाजी?" थोरल्यानं विचारलं.

"खडी होती," मी म्हटलं.

त्यानं रस्ता बघितला. रस्त्यावर खड्याचं नाव नव्हतं. मग माझ्याकडं बघितलं. "दाजी, ह्या वयात ह्ये खेळ कशाला?"

मी बोटं पॅंटच्या मागं पुसली. का सांगितलं नाही? त्या क्षणी विचार केला, असं म्हणणार नाही. पण एवढं नक्की डोक्यात आलं, की हे घरी कळलं तर म्हाताऱ्याकडचं पूजेचं कामही जाणार. भाऊबंद म्हणणार, आबांना आता काही हात लावू देऊ नका. सून म्हणणार, माझा हात मोडला. ट्रॅक्टर गेला, आता हेही. आपलेच दात अन् आपलेच ओठ. मी गप्प बसायचं ठरवलं, आणि खरं सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटला.

हाड बसवून, प्लॅस्टर घालून संध्याकाळी तिला मेहुण्याच्या गाडीतून घरी आणलं. मोडकी गाडी पिकअपमध्ये मागून आली. आबा अंगणात उभे होते. त्यांनी आधी सुनेकडं बघितलं, मग पिकअपकडं. "कसं झालं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "खडी होती." मी औषधं आणायला बारामतीला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीजवळ गेलो. टायर मी स्वतःच साफ करणार होतो, कुणी बघायच्या आत. तर तो आधीच साफ होता. नक्षीच्या खाचांमध्ये कपड्याच्या साबणाची पांढरी पूड वाळून बसली होती, आणि खालची फरशी ओली.

म्हणजे आबांना कळलं होतं. ऐकताक्षणी कळलं होतं, आणि त्यांनी पहाटे उठून पुरावा धुऊन टाकला होता.

मला राग आला. खूप आला. मी त्यांच्यासाठी खोटं बोललो होतो, ते ठीक. पण त्यांनी मला खोटं बोलू दिलं आणि वर स्वतःचे हात धुऊन घेतले, हे मला सहन होईना. पुढचे काही आठवडे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. येणारा प्रत्येक पाहुणा बायकोचं प्लॅस्टर बघायचा, मग अंगणातली गाडी बघायचा, मग मला बघायचा. सासूबाई आल्या, त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबा, विकून टाका ती." आणि आबा ओट्यावर बसून सगळं ऐकायचे. एकदा एका पाहुण्यासमोर म्हणाले, "गाडीच वंगाळ." मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

भाकरीचे हाल झाले. शेजारची एक बाई येऊन करून द्यायची. मी जाड-पातळ काही म्हणालो नाही, एवढी अक्कल राहिली होती.

गाडीचं मोडलेलं प्लास्टिक बदललं, हॅंडल सरळ केलं. टायर मात्र मी बारामतीतल्या टायरवाल्याकडं घेऊन गेलो. त्यानं कड नखानं खरवडली आणि मान वर केली. "तेल मुरलंय ह्यात. कुणी लावलं?"

"मी," मी म्हटलं.

"तुमी?" त्यानं माझ्या शर्टाच्या खिशावरचं कंपनीचं ओळखपत्र वाचलं. तपासणी विभाग. मग पलीकडच्या पंक्चरवाल्याला हाक मारून म्हणाला, "ये, इकडं ये. सायबांनी रोडच्या टायरला तेल लावलंय." दोघांनी मिळून बघितलं. मी बाकावर बसून राहिलो. लोकांच्या चुका काढायचा पगार घेणाऱ्या माणसाला असं बसावं लागलं की काय होतं, ते मी इथं जास्त सांगत नाही. मागचा टायर नवा घातला. घरी सांगितलं, बाजूला कट गेला होता.

मला काय हवं होतं, तर बायकोनं एकदा परत मागं बसावं. बस्स. लोकांचं मला काही नाही. पण तिचा माझ्या हातावरचा विश्वास उडाला, हे मला रोज टोचत होतं. प्लॅस्टर निघालं. मनगटाची हाडं जुळली होती, पण मूठ पूर्ण मिटत नव्हती. डॉक्टरांनी कणकेचा गोळा दाबायला सांगितला होता. मी दोन-तीनदा विचारलं, "बारामतीपर्यंत येतीस का? हळू नेतो." ती म्हणायची, "न्हाय बाई." दर वेळी तेवढंच. चिडून नाही, रडून नाही. पिशवी घेऊन रिक्षाची वाट बघत उभी राहायची, आणि मी शेजारून एकटा गाडीवर निघायचो. गावात यासारखी शोभा दुसरी नाही.

मग डिसेंबरात तिच्या भाच्याच्या साखरपुड्याचं निमंत्रण आलं. त्या रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात कणकेचा गोळा दाबत बसली होती. मी म्हटलं, "पळसदेवला गाडीवर जाऊ." ती म्हणाली, "तुमी जावा गाडीवर. मी एसटीनं यीन."

माझा तोल गेला. म्हटलं, आता पुरे. दार लोटलं, तिच्यासमोर पाटावर बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, "हे बघ. त्या दिवशी खडी नव्हती. माझं चालवणंही चुकलं नव्हतं. त्या टायरला—"

"आबांनी तेल लावलं व्हतं," ती म्हणाली. गोळा दाबणं थांबलं नाही. "म्हायती हाय मला."

"तुला कुणी सांगितलं?"

"आबांनीच. त्याच दिवशी. तुमी औषधं आणाय गेला व्हता तवा." ती थांबली. "आत आले. मी कॉटवर पडल्याली. मला वाटलं, कसं हाय विचाराय आल्यात. तर खाली बसले आणि माझं पाय धरलं."

आमच्या घरात आबा सुनेच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. हाक मारायची तर बाहेरून खोकतात.

"मी म्हणलं, आबा, ह्ये काय करताय, मला पाप लागंल. तर रडाय लागले. म्हणले, पोरी, चाक चकाकावं म्हणून लावलं, मला काय ठावं. मी म्हणलं, ठावं असतं तर लावलं असतं का? झालं, मिटलं."

"मग इतके दिवस मला का नाही सांगितलंस? मी इकडं शिव्या खातोय, तुझी आई माझ्याशी बोलत नाही—"

"त्यांनी शपथ घातली. म्हणले, कुणालाबी सांग, गावात सांग, तुझ्या भावांस्नी सांग. फकस्त त्याला कळू दिऊ नको."

"कुणाला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तशी ती कधी बघत नाही. "तुमाला. आणि कुणाला? त्या रातचं जेवलं न्हाईत. तुमी टायर बघाल म्हणून पाटंचं उठून धुतला. म्हातारं माणूस, थंड पाण्यात हात घालून."

मी म्हटलं, "पण मी तर त्यांना वाचवत होतो. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी कुणाला एक शब्द सांगितला नाही, कारण लोक त्यांना—"

"लोक काय करत्याल त्यांना? भाऊ माझे हसले असते आणि चहा पिऊन गेले असते." ती गोळा ताटलीत ठेवून हात पुसत म्हणाली, "त्यांना तुमची भीती वाटती. तुमाला कधी कळलंच न्हाय का?"

मग, अजून काहीतरी माझ्या बाजूचं उरलं असेल म्हणून विचारलं, "मग तुला सगळं ठाऊक आहे, तर मागं का बसत नाहीस?"

"तेल आबांचं. वाकवली तुमी." ती उठली. "आणि वाटंत सारखं म्हणत व्हता, नीट बस, हलू नको. मी दगडागत बसले व्हते. पडल्यावर पयला माझ्या मनात काय आलं, सांगू? मीच हलले असंल."

एवढं बोलून तिनं तवा ठेवला. मला वाईट वाटलं, हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात मी त्या पाटावर तसाच बसलो, आणि वाईट वाटून घेणंही जमेना. काय चुकलं ते शोधायची सवय, पण या वेळी कुठून मोजायला सुरुवात करावी ते कळत नव्हतं.

तेवढ्यात दाराबाहेर खोकल्याचा आवाज आला. आबा. कालव्याला पाणी सुटलं होतं, आणि उसाला पाणी द्यायची आमची पाळी होती.

"चारीवर जाऊन दारं धरू का?" त्यांनी बाहेरूनच विचारलं.

शेत त्यांचं, चारी त्यांची, पन्नास वर्षं ते त्या पाण्याची दारं धरत आले. ते मला विचारत होते. कधीपासून विचारायला लागले, ते मला आठवून आठवेना. मी "जा" म्हणण्याची ते वाट बघत उभे होते, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत त्यांनी तिथून पाऊल उचललं नाही.